डॉ. एल. सुब्रमण्यम: वादक म्हणून सगळ्यांना ठाऊक, पण रचनाकार म्हणून?

कोमल ऋषभ

व्हायोलिनवादक डॉ. एल. सुब्रमण्यम यांना २०२५ मध्ये पद्मविभूषण जाहीर झालं. त्याआधी १९८८ ला पद्मश्री आणि २००१ ला पद्मभूषण मिळालेलं होतं. त्यानिमित्ताने जे वाचनात आलं त्यात दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा होत्या: त्यांचा विजेसारखा फिरणारा गज आणि जगभरच्या नामवंतांबरोबरचं फ्युजन. दोन्ही खरं आहे. पण त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात अवघड भाग, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी त्यांनी लिहिलेलं संगीत, त्याचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकलेला. मला तोच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. वडील प्रा. व्ही. लक्ष्मीनारायण व्हायोलिनवादक, आई सीतालक्ष्मी गायच्या आणि वीणा वाजवायच्या. वडील जाफन्यात संगीत शिकवत होते, त्यामुळे बालपण तिथलं. १९५८ च्या दंगलींनंतर कुटुंब मद्रासला आलं. कर्नाटक संगीतात तेव्हा व्हायोलिन प्रामुख्याने साथीचं वाद्य होतं. गायकाने आलापना करायची आणि व्हायोलिनने ती उचलायची. या वाद्याने मंचाच्या मधोमध बसावं, देशाबाहेरही एकलवादनाचं वाद्य म्हणून ओळखलं जावं, हा वडिलांचा ध्यास होता. तिन्ही मुलांनी तो आपापल्या वाटेने पुढे नेला. थोरले एल. वैद्यनाथन चित्रपट आणि दूरदर्शनकडे वळले (‘मालगुडी डेज’चं संगीत त्यांचं), धाकटे एल. शंकर गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनबरोबर ‘शक्ती’ या फ्युजन गटात गेले आणि मधले हे.

सुब्रमण्यम मद्रास मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. चेंबै वैद्यनाथ भागवतरांसारख्या बुजुर्ग गायकांची साथ केली. १९७४ मध्ये पं. रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांच्या दौऱ्यात होते. मग कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समधून पाश्चात्त्य संगीतात पदव्युत्तर शिक्षण घेतलं. हा शेवटचा टप्पा फार महत्त्वाचा. परदेशात मैफली करणारे आपले कलाकार तोवर बरेच होते. तिथे जाऊन त्यांची लेखनपद्धती, वाद्यवृंदाची मांडणी आणि हार्मनी (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांची जुळणी) विद्यार्थी म्हणून शिकणारे फार थोडे होते.

पुढे १९८३ मध्ये व्हायोलिन आणि बासरीसाठी दुहेरी कॉन्चेर्टो (एकलवादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) आला. १९८५ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने झुबिन मेहतांच्या संचालनाखाली ‘फँटसी ऑन वेदिक चँट्स’ वाजवलं. नंतर स्विस रोमांद ऑर्केस्ट्राबरोबर ‘टर्ब्युलन्स’, ऑस्लो फिलहार्मोनिकबरोबर दोन व्हायोलिनची रचना, बाखला आदरांजली म्हणून ‘स्प्रिंग ऱ्हाप्सडी’, बर्लिनला ‘ग्लोबल सिंफनी’.

आता यातली अडचण काय, ते सांगतो. रागसंगीताला एकच षड्ज लागतो. ऑर्केस्ट्राचं संगीत बरंचसं खालचा आधार हलवण्यावर चालतं. भूप घ्या, कर्नाटक संगीतातला मोहनम. सा रे ग प ध. या पाच स्वरांतून पाश्चात्त्य पद्धतीच्या नेहमीच्या तीन स्वरांच्या कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वरगट) दोनच निघतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. एवढ्या भांडवलावर मोठी रचना उभी करायची. बरं, डबल बासने (ऑर्केस्ट्रातलं सगळ्यात खर्जातलं तंतुवाद्य) सा सोडून ग धरून ठेवला तर तेच पाच स्वर कानाला मालकंस वाटू लागतात. ध धरला तर धानी, प धरला तर दुर्गा. मूर्च्छनाभेद म्हणून आपण हे शिकलेलो असतो. तानपुरा त्या त्या स्वराला लावून भूपाचेच स्वर वाजवून पाहा, लगेच कळेल. पाश्चात्त्य रचनाकाराचं जे हुकमी हत्यार, ते इथे थेट रागाच्या मुळावर येतं.

हंसध्वनीत सा-ग-प, ग-प-नी आणि प-नी-रे अशा तीन कॉर्ड मिळतात, तिथे हात जरा मोकळा होतो. मालकंसात पंचमच नाही, त्यामुळे सा-वर उभी राहणारी पूर्ण कॉर्डच नाही. रागागणिक हिशोब वेगळा. सुब्रमण्यम यांनी हा हिशोब आयुष्यभर मांडला आहे. २०१७ मध्ये जैन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी घेतली, तिचा विषयही ‘राग हार्मनी’ हाच होता. सत्तरीला आलेला, सगळे मान मिळालेला माणूस हा विषय घेऊन प्रबंध लिहितो, यावरून त्यांचं मन कुठे गुंतलंय ते दिसतं.

जाणकारांनी लिहावं. विरोधी मतही वाचायला आवडेल.

जुनी तबकडी

विरोधी मत मागितलंत, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

आमची पिढी व्हायोलिन शिकली ती गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग आणि डी. के. दातार यांना ऐकून. प्रभाकर जोगांनी तर भावगीतातले शब्द तारेवर ऐकवले. दातारांचा एक लांब गज, त्यात षड्जावरून गांधारापर्यंत सरकत जाणारी मींड आणि त्या गांधारावर थांबणं, यासाठी आम्ही व्हायोलिन ऐकत आलो. सुब्रमण्यम यांच्या मैफलीत उत्तरार्ध आला की गती एवढी वाढते की स्वराला श्वास उरत नाही. टाळ्या तिथेच पडतात, हेही पाहिलं आहे. ही गती त्यांची ओळख झाली आणि तिने त्यांच्यातल्या संगीतकाराचं नुकसान केलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं, ऑर्केस्ट्रा मागे धरून ठेवलेले स्वर वाजवतोय आणि पुढे एकजण आपली नेहमीची मैफल करतोय, याला रचना म्हणायचं का? मागचे पन्नास लोक काढून तिथे तानपुरा ठेवला तर काय बदलेल?

दक्षिणवारा

जुनी तबकडी, गतीबद्दल थोडं. मी कर्नाटक पद्धतीने व्हायोलिन शिकते, त्या अंगाने लिहिते.

आमच्याकडे चार तारा सा-प-सा-प अशा लावतात. मांडी घालून बसायचं, वाद्याचं डोकं उजव्या पावलावर टेकवायचं आणि दुसरं टोक छातीशी. त्यामुळे वाद्य पेलण्याच्या कामातून डावा हात पूर्ण सुटतो. पाश्चात्त्य वादक वाद्य हनुवटीखाली धरतो आणि हात एका जागेवरून दुसऱ्या जागी नेमका उचलून ठेवतो. आम्ही तारेवरून बोट घासत नेतो. एकाच बोटावर गांधार मध्यमाकडे झुलवायचा, त्यात गांधार म्हणून सांगता येईल असा स्थिर बिंदू जवळजवळ नसतोच. कर्नाटक तोडीतला गांधार असाच. (तुमची तोडी वेगळी. आमच्या तोडीचे स्वर साधारण तुमच्या भैरवीचे, आणि तुमची तोडी आमच्या शुभपंतुवराळीजवळ.) हे कंपित संथ लयीत नीट येण्यासाठी वर्षं जातात. सुब्रमण्यम यांच्याकडे ते पहिल्या दर्जाचं आहे. पालघाट मणी अय्यर यांच्या मृदंगमबरोबरचं त्यांचं वादन ऐका. तिथे घाई कुठेही नाही.

आणि उत्तरार्धातली गती येते ती कल्पनास्वर (आयत्या वेळी रचलेल्या सरगमा) आणि कोरवैंच्या (हिशोबाने बांधलेल्या लयीच्या तुकड्यांच्या) गणितातून. तिथे गजाच्या प्रत्येक फटक्याला मृदंगमच्या बोलाशी जाब द्यायचा असतो. गायकी अंगाच्या कानांना ते रुक्ष वाटू शकतं, मान्य. पण ते पद्धतीचं अंग आहे. टाळ्यांसाठी बाहेरून आणून चिकटवलेलं नाही.

त्यांच्या आधीचे तिघे आठवा: लालगुडी जयरामन, टी. एन. कृष्णन, एम. एस. गोपालकृष्णन. लालगुडींचं वादन गाण्याच्या इतकं जवळचं की कृती वाजवताना साहित्य, म्हणजे तिचे शब्द, ऐकू यावेत. कृष्णन यांचा स्वर शांत, भरदार. एम. एस. जी. दोन्ही पद्धती वाजवायचे, आणि त्यांचा हातही विलक्षण वेगवान होता. म्हणजे गती एकट्या सुब्रमण्यम यांनी आणलेली नाही.

चेलोवाली

तानपुऱ्याच्या प्रश्नाला मी उत्तर देते, कारण मी मागच्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांपैकी आहे. हौशी ऑर्केस्ट्रात चेलो वाजवते. सुब्रमण्यम यांच्या रचनेत वाजवायची संधी मिळालेली नाही, पण भारतीय एकलवादकाबरोबर वाजवलं आहे.

आमच्या पुढ्यातल्या कागदावर सगळं लिहिलेलं असतं. कुठला स्वर, किती मात्रा, गज वर की खाली. एकाच वाद्याच्या सगळ्यांचे गज एका दिशेने जावेत असा नियमच आहे. एकलवादकाच्या कागदावर मात्र काही जागी नुसती मोकळी मापं असतात, तिथे तो रागविस्तार करणार. तो किती वेळ करेल हे कोणाला ठाऊक नसतं. आम्ही धरून ठेवलेला स्वर वाजवत कंडक्टरकडे बघत असतो, कंडक्टर वादकाकडे. त्याने ठरलेली तिहाई सुरू केली की कंडक्टरचा हात उठतो आणि समेवर सगळ्यांनी एकदम पडायचं. एखादी व्यक्ती अर्धी मात्रा आधी आली की सगळा डोलारा कोसळतो. तेव्हा मोकळी जागा कुठे ठेवायची, तिच्यातून बाहेर पडायची खूण कोणती, आणि ती खूण हिंदुस्थानी किंवा कर्नाटक ताल कधीही न ऐकलेल्या वादकाला कळेल अशी कशी लिहायची, हेच रचनाकाराचं काम. तानपुरा ठेवला तर हा सगळा प्रश्नच उरत नाही, आणि समेवर पन्नास वाद्यांच्या एकत्र येण्याने अंगावर जो काटा येतो, तोही उरत नाही.

स्वरांचं सांगायचं तर तंतुवाद्यांना पडदे नसतात, त्यामुळे आम्ही गांधार किंचित उतरवून एकलवादकाला मिळवून घेऊ शकतो. हार्पला आणि घंटांना ते जमत नाही. चांगला रचनाकार अशा वाद्यांना रागाच्या नाजूक स्वरांपासून लांब ठेवतो.

कोमल ऋषभ

चेलोवाली, मला हेच हवं होतं. ‘वेदिक चँट्स’ ऐकताना जाणवतं की विषयाची निवडच फार विचारपूर्वक आहे. वैदिक पठण उदात्त, अनुदात्त, स्वरित या तीन स्वरांभोवती फिरतं. इतका आटोपशीर स्वरसमूह असला की वाद्यांचे थर एकावर एक चढवले तरी राग बिघडायची भीती कमी. पठण मुळात अनेकांनी एका सुरात करायचं असतं, त्यामुळे समूहाला तिथे जागाही आहे. मागे वाद्यं उगाच उभी केली आहेत असं वाटत नाही.

पं. रविशंकरांशी तुलना होणारच. त्यांचा पहिला सतार कॉन्चेर्टो १९७१ मध्ये आंद्रे प्रेव्हिन आणि लंडन सिंफनीबरोबर झाला, म्हणजे वाट त्यांनी पाडली. पण सतारीचा नाद छेडल्यावर विरत जातो आणि तिला ऑर्केस्ट्रात सख्खं भावंड कोणी नाही, त्यामुळे ती एकीकडे आणि बाकी सगळे दुसरीकडे असं होतं. सुब्रमण्यम यांच्या हातातलं वाद्य मागच्या पहिल्या रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात आहे. ते चौथऱ्यावर मांडी घालून, वाद्य पावलावर टेकवून बसलेले, मागे तेच वाद्य हनुवटीखाली धरून खुर्चीवर बसलेली माणसं. लाकूड तेच, तारा त्याच. त्यामुळे फरक वाद्याचा उरत नाही, दोन संगीतांचा उरतो, आणि तो श्रोत्याला डोळ्यांनीसुद्धा दिसतो. या बाबतीत सुब्रमण्यम एक पाऊल पुढे गेले असं मी मानतो.

बंदिश

वाचतेय. मला हार्मनीतलं काही कळत नाही, तरी भूप-मालकंसचा प्रयोग हार्मोनियमवर लगेच करून पाहिला आणि थक्क झाले. ऐकायला सुरुवात कुठून करू? मला त्यांचं नाव त्यांच्या पत्नी, गायिका कविता कृष्णमूर्तींमुळे माहीत, आणि ‘सलाम बॉम्बे’चं संगीत त्यांचं आहे हे परवाच कळलं.

दक्षिणवारा

बंदिश, आधी शुद्ध कर्नाटक मैफल ऐका. एखादं रागम-तानम-पल्लवी (रागाच्या सविस्तर मांडणीचा प्रकार) निवडा, त्यातही तानमचा भाग. ताल नसतो, पण लय असते आणि गज बोलतो. मग स्टेफान ग्रापेलींबरोबरचा १९८४ चा ‘कॉन्व्हर्सेशन्स’. जॅझमधला तो बुजुर्ग आणि हे, दोघंही एकमेकांना जागा देत वाजवतात. मग ऑर्केस्ट्राच्या रचना. उलट्या क्रमाने गेलात तर त्यांचा राग कानात बसायच्या आधीच वाद्यांच्या गर्दीत हरवेल.

कीरवाणीत काही मिळालं तर तेही ऐका. तिचे स्वर पाश्चात्त्यांच्या हार्मोनिक मायनरशी जुळतात, त्यामुळे दोन्हीकडचे वादक तिथे सहज भेटतात.

जुनी तबकडी

चेलोवालींचं विवेचन पटलं. मोकळी जागा लिहिणं हे काम आहे, हे मी धरलं नव्हतं. मणी अय्यरांबरोबरचं वादनही काल रात्री ऐकलं. आलापना उत्तम आहे, त्यात दुमत नाही. फ्युजनच्या तबकड्यांबद्दल मात्र माझं मत तेच आहे. बऱ्याचशा ठिकाणी दोन मोठी माणसं शेजारी शेजारी वाजवतात, एवढंच होतं.

आता मुख्य शंका. रचनाकाराची कसोटी माझ्या लेखी एकच: त्याच्याशिवाय ती रचना जगते का? लालगुडींचे तिल्लाने आणि वर्णम (कर्नाटक संगीतातले बांधीव रचनाप्रकार) आज दक्षिणेत कोणीही गातं, वाजवतं, त्यावर नाच बसवतं. लालगुडी २०१३ मध्ये गेले, रचना चालू आहेत. सुब्रमण्यम यांच्या ऑर्केस्ट्राच्या रचनांत मुख्य जागा त्यांच्याच मनोधर्मासाठी (आयत्या वेळच्या विस्तारासाठी) राखलेल्या. दुसऱ्या कोणी त्या वाजवायच्या म्हटलं तर नेमकं वाजवायचं काय?

कोमल ऋषभ

प्रश्न अगदी मर्मावर आहे आणि माझ्याकडे त्याचं पुरं उत्तर नाही. एक नक्की, त्यांनी स्वतः त्याची तजवीज करायचा प्रयत्न केला आहे. वडील १९९० मध्ये गेले, त्यानंतर १९९२ पासून त्यांच्या नावाने लक्ष्मीनारायण ग्लोबल म्युझिक फेस्टिव्हल सुरू केला. २००७ मध्ये कविताताईंबरोबर बंगळुरूला संगीत अकादमी काढली. मुलगी बिंदू आणि मुलगा अंबी दोघंही त्यात आहेत, अंबी वडिलांबरोबर व्हायोलिन वाजवतात. पण हे घरातलं झालं. तुम्ही विचारताय ते घराबाहेरच्याबद्दल.

चेलोवाली

पाश्चात्त्य संगीतात याला पूर्वपीठिका आहे. बेथोव्हेनच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोत एकलवादकासाठी मोकळी जागा आहे आणि व्हायोलिनने तिथे काय वाजवायचं ते बेथोव्हेनने लिहून ठेवलेलं नाही. त्या काळी वादक तिथे आपलं काही वाजवत असे. पुढे योआखिमने त्या जागेसाठी आपला कादेन्झा लिहिला, क्राइसलरने आपला. आज वादक त्यांतला एखादा निवडतात किंवा स्वतःचा करतात, तरी रचना बेथोव्हेनचीच राहते. तेव्हा मोकळी जागा असली म्हणून रचना वादकाबरोबर संपते असं नाही.

दक्षिणवारा

पण चेलोवाली, कादेन्झा एका ठरावीक ठिकाणी येतो. इथे लिहिलेल्या भागातसुद्धा प्रत्येक स्वराला गमक (स्वर झुलवणं, वळवणं) हवं, आणि पाच रेषांवर ते उतरत नाही. कागदावर नुसता ग दिसेल. तो उभा लावायचा, मध्यमावरून आणायचा की झुलवायचा, हे राग माहीत असलेल्यालाच कळणार. शिवाय सा-प-सा-प लावलेल्या तारांवर बसवलेली जागा तुमच्या नेहमीच्या तारांवर त्याच बोटांनी येणार नाही.

चेलोवाली

तारांचं म्हणाल तर ती अडचण आमच्याकडे जुनीच आहे आणि सुटलेली आहे. बीबरने सतराव्या शतकात व्हायोलिनच्या तारा वेगवेगळ्या लावून सोनाटा लिहिले. मोझार्टने एका रचनेत व्हायोलाच्या सगळ्या तारा अर्ध्या स्वराने चढवायला सांगितल्या आहेत. सेंट-सान्सने एकलवादकाची वरची तार अर्ध्या स्वराने उतरवली. रचनेच्या सुरुवातीला लिहून ठेवलं की वादक तारा तशा लावून घेतो.

गमकाचं मात्र खरं आहे. लिहून ते येणार नाही. त्या वादकाला आधी तुमच्या गुरूंकडे येऊन बसावं लागेल. सुब्रमण्यम आमच्या लोकांचं शिकायला कॅलिफोर्नियाला गेले, तसं तिकडच्या एखाद्याने चार-पाच वर्षं कंपितासाठी द्यायला हवीत.

जुनी तबकडी

किंवा इकडच्याच एखाद्या कर्नाटक वादकाने पाच रेषा वाचायला शिकावं आणि ‘वेदिक चँट्स’ हातात घ्यावं. ते लवकर होण्यासारखं आहे. दक्षिणवारा, तुमच्या बरोबरीच्या शिकणाऱ्यांत असं कोणी आहे का?

दक्षिणवारा

दोघीजणी स्टाफ नोटेशन वाचतात, त्यातली एक बरी वाचते. रचनेची संहिता मिळाली तर तिला दाखवते. चेलोवाली, तुमच्याकडे चेलोचे भाग वाचून कोणी साथ देणार असेल तर सांगा, रचनेच्या एका भागापुरतं तरी बसवून बघता येईल.